दुब्रोवनिकचे तटबंद शहर: जहाज थांबते तेवढ्या वेळात काय आणि कसे पाहावे?

प्रश्न

येत्या जूनमध्ये मी, माझी सत्तरी ओलांडलेली आई आणि नुकताच दहावी झालेला मुलगा असे तिघे एड्रियाटिक समुद्रातील क्रूझला जाणार आहोत. या प्रवासात क्रोएशियातील दुब्रोवनिक येथे जहाज सकाळी 8 ते संध्याकाळी 5 एवढा वेळ थांबणार आहे, आणि सर्वांनी साडेचारपर्यंत जहाजावर परतले पाहिजे अशी सूचना वेळापत्रकात आहे. जहाजाकडून दोन सहली सुचवल्या आहेत. एकीत बसने उंचावरून शहराचे दर्शन घडवून नंतर तटाच्या आत गाईडबरोबर फिरवले जाते आणि थोडा मोकळा वेळ मिळतो; दुसरीत तटबंदीवरची फेरी आहे. दोन्हींचे दर तिघांसाठी मोजले तर बरेच होतात, त्यामुळे आपले आपण जावे की सहल घ्यावी हा पहिला प्रश्न आहे.

दुसरा प्रश्न आईविषयी आहे. तिच्या दोन्ही गुडघ्यांची शस्त्रक्रिया झालेली आहे. सपाट रस्त्यावर ती सावकाश पण उत्तम चालते, मात्र पायऱ्यांचे चढउतार तिला झेपत नाहीत. तिला सगळा वेळ जहाजावर बसवून आम्ही दोघांनीच शहर पाहावे हे मनाला पटत नाही. मुलाला इतिहासाची मनापासून आवड आहे, आणि तट चढल्याशिवाय तो परत येणार नाही हे त्याने आताच जाहीर केले आहे. या दोघांचा दिवस सारखाच चांगला जावा यासाठी वेळेची आखणी कशी करावी, हे तेथे जाऊन आलेल्यांनी कृपया सविस्तर सांगावे. छायाचित्रांची ठिकाणे आणि खरेदी यांपेक्षा ते शहर समजून घेण्यात आम्हाला अधिक रस आहे.

प्रतिसाद 1

सर्वांत आधी जहाज नेमके कोठे उभे राहणार आहे ते पाहून घ्या, कारण दिवसाची सगळी आखणी त्यावर ठरते. बहुतेक मोठी जहाजे ग्रुझ या बंदरात धक्क्याला लागतात आणि ते बंदर जुन्या शहरापासून सुमारे तीन किलोमीटरवर आहे. काही जहाजे मात्र लोक्रुम बेटाजवळ नांगर टाकतात आणि प्रवाशांना टेंडर, म्हणजे जहाजावरच्या छोट्या बोटींनी थेट तटाला लागून असलेल्या जुन्या बंदरात उतरवतात. टेंडरने गेल्यास तुम्ही पाय ठेवता तोच शहराच्या पूर्वेकडील वेशीजवळ, आणि आईंना बस वगैरे काहीच करावे लागत नाही; पण बोटीत चढताना आणि उतरताना लाटांमुळे बोट हलत असते, तेव्हा खलाशांचा हात धरून शांतपणे पाऊल टाकायचे हे त्यांना आधीच सांगून ठेवा. शिवाय टेंडरच्या बाबतीत जहाज सुटण्याच्या वेळेपेक्षा शेवटच्या टेंडरची वेळ महत्त्वाची असते आणि ती बरीच अलीकडची असते.

ग्रुझला उतरलात तर बंदराबाहेरून 1ए आणि 1बी या शहर बस जुन्या शहराच्या पश्चिमेकडील पिले वेशीपर्यंत जातात. टॅक्सीही मिळतात, आणि तिघांसाठी, त्यातही आई बरोबर असताना, टॅक्सीचा खर्च मला रास्त वाटतो. क्रोएशियात 1 जानेवारी 2023 पासून युरो हे चलन आहे, त्यामुळे जुन्या प्रवासवर्णनांतील ‘कुना’ या आधीच्या चलनातले हिशेब आता उपयोगाचे नाहीत. त्याच दिवशी तो देश शेंगेन क्षेत्रातही, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटातही, सामील झाला. तुमच्या प्रवासात माँटेनेग्रोतील कोटोर असेल तर तो देश शेंगेनबाहेरचा आहे, म्हणजे क्षेत्रातून बाहेर पडून पुन्हा आत येणे होते. भारतीय पासपोर्टवरील व्हिसा एकापेक्षा अधिक प्रवेशांचा आहे ना, याची खात्री अर्ज करतानाच करून घ्यावी.

सहल घ्यावी की नाही याबद्दल माझे मत स्पष्ट आहे: दुब्रोवनिकसाठी जहाजाची सहल आवश्यक नाही. शहर जवळ आहे, तटाच्या आत वाहने नाहीत, मुख्य रस्ता एकच आहे आणि हरवणे जवळजवळ अशक्य आहे. जहाजाच्या सहलीचा खरा फायदा एकच असतो, तो म्हणजे तिची बस अडकली तर जहाज तिच्यासाठी थांबते, आणि स्वतंत्रपणे गेलेल्या प्रवाशासाठी थांबत नाही. ज्या बंदरातून मुख्य शहर दीड-दोन तासांवर असते तेथे ही हमी मोलाची आहे. तीन किलोमीटरसाठी तिची तेवढी गरज नाही. उलट तुमच्यासारख्या कुटुंबाला गटाबरोबर बांधून घेणे हेच गैरसोयीचे ठरेल, कारण गटाचा वेग आईंना झेपणार नाही आणि थांबण्याचे ठिकाण तुमच्या हातात राहणार नाही.

तटावर जाण्याची वेळ मात्र काटेकोरपणे पाळा. उन्हाळ्यात तटबंदी सकाळी 8 वाजता उघडते. दहानंतर जहाजांचे गट पिले वेशीजवळच्या जिन्यावर दाटी करतात आणि ऊनही चढलेले असते. वर सावली अगदी थोडी आहे. फेरी एकाच दिशेने, घड्याळाच्या काट्यांच्या उलट, करावी लागते. पिलेजवळून चढलात तर आधी समुद्राकडची बाजू होते आणि मिन्चेता बुरुजाचा सर्वांत मोठा चढ अगदी शेवटी, थकलेल्या पायांनी आणि भर उन्हात येतो. त्याऐवजी पूर्वेकडील प्लोचे वेशीजवळच्या प्रवेशाने चढा. तेथे रांगही सहसा लहान असते, उत्तरेचा चढ ताज्या दमात आधी संपतो आणि उरलेली समुद्राकडची फांजी (तटावरून चालण्याची वाट) बऱ्याच अंशी उताराची मिळते. खाली उतरण्यासाठी सेंट जॉन किल्ल्याजवळचा जिना सोयीचा आहे, तो जुन्या बंदरापाशीच निघतो. फोटो काढत सावकाश चालल्यास दोन तास धरावेत.

तिकीट स्वस्त नाही. 2023 मध्ये प्रौढांसाठी ते 35 युरो होते आणि त्यानंतर दर आणखी वाढला आहे. अठरा वर्षांखालील मुलांना सवलत आहे. दुब्रोवनिक पास घेतल्यास त्यात तटबंदी, काही संग्रहालये आणि शहर बसचा प्रवास येतो, म्हणून जाण्यापूर्वी दोन्हींचे दर शेजारी ठेवून पाहावेत. तटाच्या तिकिटावरच बाहेरच्या लोव्रियेनाच किल्ल्यातही प्रवेश मिळतो, हे अनेकांना ठाऊक नसते आणि ते दारात पुन्हा पैसे भरतात.

प्रतिसाद 2

वरील प्रतिसादातील व्यवहाराची माहिती उत्तम आहे, पण गाईडची गरज नाही या मताशी मी सहमत नाही. जहाजाची सहल घेऊ नका हे मान्य; तरीही ज्यांना शहर समजून घ्यायचे आहे त्यांनी एखाद्या परवानाधारक स्थानिक गाईडबरोबर तास-दीड तास अवश्य काढावा, किंवा निदान पुरेसे वाचून जावे. तसे न केल्यास दुब्रोवनिक म्हणजे पांढऱ्या दगडाचा सुंदर रस्ता आणि दोन्ही बाजूंना दुकाने एवढेच हाती लागते, आणि या शहराच्या बाबतीत ते फार मोठे नुकसान आहे.

चिरंजीवांसाठी थोडे लिहितो. हे शहर म्हणजे रगुसा नावाचे स्वतंत्र प्रजासत्ताक होते. 1358 मध्ये व्हेनिसच्या वर्चस्वातून सुटल्यानंतर 1808 मध्ये नेपोलियनचा सेनापती मार्मों याने ते बरखास्त करेपर्यंत, म्हणजे साडेचारशे वर्षे, या चिमुकल्या राज्याने आपला कारभार आपण केला. एका बाजूला व्हेनिस आणि दुसऱ्या बाजूला उस्मानी साम्राज्य असताना हे कसे जमले, या प्रश्नाचे अर्धे उत्तर तटात आहे आणि अर्धे खजिन्यात. उस्मानी सुलतानाला ते दरवर्षी 12,500 सोन्याच्या डुकाटांची खंडणी देत आणि त्या बदल्यात त्याच्या साम्राज्यभर व्यापाराची मोकळीक मिळवत. खंडणी देणारे राज्य दुबळे असते असा आपला समज असतो. येथे तीच खंडणी हिशेबाने केलेली गुंतवणूक होती, आणि ती देत असतानाच तट अधिकाधिक भक्कम करण्याचे काम त्यांनी एकदाही थांबवले नाही.

तटावर चालताना त्याची जाडी पाहण्यास मुलाला सांगा. जमिनीकडच्या बाजूला मुख्य तट चार ते सहा मीटर जाड आहे, तर समुद्राकडे दीड ते तीन मीटर. एकूण लांबी 1,940 मीटर आणि काही ठिकाणी उंची 25 मीटरपर्यंत जाते. 1453 मध्ये उस्मानी तोफांपुढे कॉन्स्टँटिनोपल (आजचे इस्तंबूल) पडले आणि तोफांपुढे जुने उंच, पातळ तट टिकत नाहीत हे सर्वांना दिसले. त्यानंतर मिन्चेता बुरुजाला फ्लॉरेन्सच्या मिकेलोत्सोच्या आराखड्याप्रमाणे गोल आणि जाड कवच घालण्यात आले आणि ते काम युराय दाल्मातिनाच याने 1464 मध्ये पूर्ण केले. चौकोनी बुरुजाच्या कोपऱ्यावर गोळा बसला तर कोपरा ढासळतो, गोलाईवरून तो घसरून जातो, हे तत्त्व त्या बुरुजाजवळ उभे राहिल्यावर पुस्तकाशिवाय कळते.

लोव्रियेनाच किल्ल्याची गोष्ट याहून वेगळी आहे. तो तटाच्या बाहेर, समुद्रातून उठलेल्या खडकावर आहे, आणि बाहेरच्या तोंडाकडील त्याच्या भिंती कमालीच्या जाड असल्या तरी शहराकडे तोंड असलेली भिंत मात्र जेमतेम 60 सेंटिमीटरची आहे. कारण असे सांगितले जाते की एखाद्या किल्लेदाराने फितूर होऊन किल्ल्याच्या तोफा शहरावर रोखल्या, तर शहराला ती भिंत सहज पाडता यावी. त्याच किल्ल्याच्या दारावर, जगातील सर्व सोन्याच्या बदल्यातही स्वातंत्र्य विकणे योग्य नव्हे, अशा अर्थाचे लॅटिन वाक्य कोरलेले आहे. स्वातंत्र्याची शपथ दारावर आणि अविश्वासाची तजवीज भिंतीत, असे हे शहर होते. हीच सावधगिरी त्यांच्या राज्यघटनेतही आहे: प्रजासत्ताकाचा प्रमुख, ज्याला रेक्टर म्हणत, तो फक्त एक महिना पदावर राहत असे आणि त्या काळात सरकारी कामाखेरीज त्याला प्रासादाबाहेर पडण्यास मनाई होती.

मुख्य रस्ता म्हणजे स्ट्राडून. त्यावरील घरे इतकी एकसारखी का, असा प्रश्न प्रत्येकाला पडतो. 6 एप्रिल 1667 च्या भूकंपात शहराचा मोठा भाग कोसळला, हजारो माणसे दगावली, आणि नंतर सरकारने ठरवून दिलेल्या एकाच नमुन्याप्रमाणे येथील घरे बांधण्यात आली. तळमजल्यावरच्या दुकानांचे दार नीट पाहा. एकाच कमानीत अर्धे दार आणि अर्धी खिडकी असते, आणि खिडकीचा दगडी कट्टा हाच दुकानदाराचा गल्ला असे. गिऱ्हाईक रस्त्यावर उभे राहून व्यवहार करी. शेकडो वर्षांच्या पावलांनी रस्त्याचा चुनखडीचा दगड आरशासारखा गुळगुळीत झाला आहे, म्हणून पाऊस पडला असेल तर आईंना विशेष जपावे.

आणि वरून छपरे पाहताना रंगांतला फरक लक्षात घ्या. फिकट, तपकिरी, डागाळलेली कौले जुनी आहेत. भडक केशरी कौले युगोस्लाव सैन्याने 1991–92 मध्ये घातलेल्या वेढ्यानंतर बसवलेली आहेत. 1979 पासून जागतिक वारशाच्या यादीत असलेल्या या शहरावर त्या वेढ्यात तोफगोळे पडले, त्यांतला सर्वांत भीषण दिवस 6 डिसेंबर 1991 हा होता. जुन्या शहरातील 824 इमारतींपैकी 563 इमारतींना मार बसला. पर्यटक त्या केशरी रंगाचे कौतुक करतात, आणि तो रंग सुंदर दिसतो हे खरेच आहे. पण त्यातले प्रत्येक नवे छप्पर कशामुळे नवे आहे हे माहीत असलेल्याने तेथे घटकाभर थांबावे असे मला मनापासून वाटते.

प्रतिसाद 3

आईंसाठी काय करता येईल तेवढेच लिहिते, कारण माझ्या सासूबाईंना घेऊन मी तेथे गेले होते आणि त्याही पायऱ्या चढू शकत नव्हत्या.

तटावर लिफ्ट नाही आणि अर्ध्यातून सोयीने उतरता येईल अशी रचनाही नाही, तेव्हा थोडे तरी चढून पाहू हा विचार करू नये. तसेच स्ट्राडूनच्या उत्तरेकडील सर्व गल्ल्या म्हणजे सरळ जिनेच आहेत. तिकडे वळूच नये. मात्र स्ट्राडून स्वतः सुमारे तीनशे मीटर लांब आणि सपाट आहे, आणि पाहण्यासारख्या बहुतेक गोष्टी त्याच्या दोन टोकांना आहेत. पश्चिमेच्या टोकाला ओनोफ्रियोचे मोठे कारंजे आहे. 1438 मध्ये सुमारे बारा किलोमीटरवरून पाणी आणून ते बांधले गेले, त्याला सोळा बाजू आहेत आणि प्रत्येक बाजूला दगडी मुखातून पाणी पडते. त्याच्या समोर फ्रान्सिस्कन मठ आहे, ज्याचे औषधालय 1317 पासूनचे आहे; मठाच्या आतल्या चौकात जोडखांबांच्या ओवऱ्या आहेत आणि भर दुपारीही तेथे गारवा असतो.

पूर्वेच्या टोकाला स्पोंझा प्रासाद आहे, तो चुकवू नका. भूकंपातून वाचलेल्या मोजक्या इमारतींपैकी ती एक आहे. पूर्वी तेथे जकात घेतली जात असे, आणि आतल्या चौकात जेथे मालाचे वजन होई तेथील कमानीवर लॅटिनमध्ये कोरले आहे की आमची वजने फसवू देत नाहीत आणि फसूही देत नाहीत. मी माल तोलतो तेव्हा देव मला तोलत असतो. सासूबाईंना याचा अर्थ सांगितल्यावर त्या कितीतरी वेळ त्या कमानीखाली उभ्या होत्या. त्याच इमारतीतल्या एका खोलीत वेढ्यात मारल्या गेलेल्या शहराच्या रक्षकांची छायाचित्रे लावलेली आहेत. जवळच सेंट ब्लेझ या नगरदेवतेचे चर्च आहे. त्याला समोर काही पायऱ्या आहेत, पण कठड्याला धरून चढता आले तर मुख्य वेदीवरची चांदीची मूर्ती पाहावी. संताच्या हातात शहराची छोटी प्रतिकृती आहे आणि ती भूकंपापूर्वीच्या शहराची आहे.

उंचावरून तट पाहण्याची इच्छा असेल तर स्र्ज डोंगरावर जाणारी केबल कार आहे. डोंगर 412 मीटर उंच आहे आणि वर पोहोचायला चार मिनिटे लागतात. खालचे स्थानक तटाच्या वरच्या अंगाला चढावर असल्याने तेथपर्यंत टॅक्सीनेच जावे. वारा जोराचा असेल तर ती बंद ठेवतात, म्हणून दिवसाचा संपूर्ण बेत तिच्यावर उभा करू नये.

प्रश्नकर्तीचा प्रतिसाद

तिघांचेही मनापासून आभार. जहाज ग्रुझच्या धक्क्यालाच लागणार आहे असे कंपनीने आज कळवले. त्यामुळे आता बेत असा ठरवते आहे: उतरताच टॅक्सीने पिले वेशीपर्यंत जायचे, आईला फ्रान्सिस्कन मठ आणि कारंजे दाखवायचे, मग ती आणि मी सावकाश स्ट्राडूनवरून स्पोंझापर्यंत येऊ आणि मुलगा एकटा प्लोचेकडून तटावर जाईल. मला तट चुकेल, पण आईबरोबर त्या चौकात बसणे मला अधिक आवडेल. मुलगा सोळा वर्षांचा आहे. त्याला एकट्याला वर सोडणे ठीक आहे का, आणि परतीसाठी ग्रुझला किती वाजता निघावे?

प्रतिसाद 1 देणाऱ्याचे उत्तर

एकट्याला सोडण्यास हरकत नाही, कारण मार्ग एकदिशा आहे, वाटेत तिकीट तपासणारे असतात आणि उतरण्याच्या जागा मोजक्याच आहेत. त्याच्याकडे जहाजाचे कार्ड, पुरेसे पाणी आणि टोपी असू द्या, आणि तिकीट शेवटपर्यंत जपून ठेवायला सांगा, कारण ते पुन्हा दाखवावे लागते. भेटण्याची जागा आधीच ठरवा. सेंट जॉन किल्ल्याजवळ उतरून जुन्या बंदरातून दोन मिनिटांत स्पोंझाच्या दारात येता येते, तीच जागा उत्तम.

बेतात मात्र क्रम उलटा करावा असे सुचवतो. मठ आणि कारंजे सकाळी प्रथम पाहिल्यास मुलाला तटावर जाण्यास उशीर होईल, आणि तटाची सकाळची वेळ पुन्हा मिळत नाही. मठ दुपारीही तसाच थंड असतो. तेव्हा टॅक्सीने पिलेऐवजी थेट प्लोचेच्या बाजूला उतरा, तेथे मुलगा तटावर जाईल आणि तुम्ही दोघी तटाच्या आत पूर्वेच्या टोकापासून सुरुवात कराल. गुंदुलिच चौकातला भाजी-फळांचा बाजार सकाळीच भरतो आणि दुपारपर्यंत उठतो, तोही तुम्हाला मिळेल. मुलगा खाली आल्यावर तिघे मिळून पश्चिमेकडे चालत जा, म्हणजे पिले वेशीशी पोहोचताना मठ आणि कारंजे वाटेतच येतील आणि परतीची टॅक्सीही तेथेच मिळेल. मुलाला लोव्रियेनाच पाहायचे असेल तर तो पिलेपासून जवळ आहे. तुम्ही मठाच्या चौकात बसा आणि त्याला तासाभराची मुभा द्या.

शहराने 2019 पासून क्रूझ कंपन्यांशी ठरवून एका वेळी येणाऱ्या जहाजांची संख्या दोनपर्यंत मर्यादित ठेवली आहे, त्यामुळे पूर्वीसारखी कोंडी आता रोज होत नाही. तरीही दोन्ही जहाजे एकाच सुमारास सुटणार असतील तर दुपारी तीननंतर पिले वेशीबाहेर टॅक्सी आणि बस या दोन्हींसाठी रांगा लागतात. साडेचारची अंतिम वेळ लक्षात घेता तुम्ही तीन वाजता पिले सोडावे. ग्रुझला लवकर पोहोचलात तर धक्क्यावरून जहाजात शिरतानाची तपासणी आईंना गर्दीत उभे न राहता पार करता येईल.

प्रतिसाद 3 देणारीचे उत्तर

वरच्या बेतात एकच भर घालते. स्पोंझाच्या आणि मठाच्या मधल्या वाटेवर स्ट्राडूनवर सार्वजनिक बाके फार थोडी आहेत, आणि स्मारकांच्या पायऱ्यांवर बसणे चालत नाही. आईंना बसावेसे वाटेल तेव्हा उपाहारगृहाच्या खुर्चीवरच बसावे लागेल, आणि स्ट्राडूनवरचे दर चढे असतात. जुन्या बंदराच्या बाजूला पाण्याकडे तोंड करून बसता येईल अशा जागा आहेत. मुलाची वाट तेथे पाहिलीत तर तो किल्ल्याच्या जिन्यावरून उतरताना तुम्हाला समोरच दिसेल.